सुतळीवरचं घर

शहापूरच्या आमच्या चाळीत भिंतीला खिळा ठोकायला मालकाची बंदी आहे. म्हणून शेजारच्या ताईंचं निम्मं घर सुतळीवर लटकतं. कॅलेंडर, पिशव्या, देवाचा फोटोसुद्धा. ताई शेणवे गावच्या. वाद असो नसो, त्यांचं वाक्य "नाय, पण"नेच सुरू होतं.

कोपऱ्यातल्या खोलीतली सून गरोदर राहिली, तेव्हा बाळाच्या रडण्याचा त्रास नको म्हणून मालकाने त्या कुटुंबाला खोली सोडायला सांगितलं. ताईंनी भाडेकरूंचं मंडळ काढलं, अर्ज लिहिला. पण पहिली सही कुणी करेना, कारण मालक आधी त्यालाच धरणार. मी तर पेनातली शाई तपासत बसलो.

"नाय, पण एवढंच ना?" म्हणत ताईंनी कागदावर ताटली पालथी घातली आणि तिच्याभोवती पेन फिरवलं. "या गोलावर सह्या करा. पयला कोण ते शोधू दे त्याला."

"घरी विचारून सांगतो," कागद फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा मी म्हणालो.

"घरची सही झाली, भाऊ. ही बघा."

बायकोच्या सहीशेजारी मी निमूट माझी केली.

मालक नमला. ते कुटुंब राहिलं, आणि पाळण्यासाठी वाशाला आकडा ठोकायची परवानगीही मिळाली. परवा माझीच हातोडी नेऊन ताईंनी तो ठोकला.

"आता तुमच्या कॅलेंडरसाठीही एक खिळा मागू या," मी जरा शूरपणे म्हणालो.

"नाय, पण ते कुठं रडतंय?"