कडी आतून हवी

माझ्या पत्नीने महाविद्यालयाला केलेले सगळे अर्ज मी लिहिले. ती मुलींना बास्केटबॉल शिकवायची आणि मी त्याच महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. नगरमधलं आमचं घर मैदानापासून चालत दहा मिनिटांवर. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ती यायची, दाराबाहेर बूट आपटून धूळ झाडायची आणि गळ्यातली शिट्टी न काढताच स्वयंपाकघरात शिरायची. लसूण सोलता सोलता म्हणायची, "अहो, लिहून घ्या."

मी वही पुढे ओढायचो. ती पाच-सहा वाक्यांत जे सांगे, त्याचं मी पानभर करत असे. कार्बन ठेवून दोन प्रती निघत. एक कार्यालयात जाई, दुसरी आमच्या हिरव्या फाईलमध्ये. पुढे घरात संगणक आला, तरी फाईल तीच राहिली. तळाला तिची सही, मोठी, घाईची, उजवीकडे चढत गेलेली. सही करताना ती मजकूर वाचत नसे. निदान मला तरी तसं वाटायचं.

ती जाऊन सव्वा वर्ष झालं. आजार तीन महिन्यांचाच. तिची शिट्टी अजून दारामागच्या खुंटीला आहे, आणि वारा आला की भिंतीवर हलका आवाज होतो. फाईल मात्र मी उघडली नव्हती. खरं तर या सव्वा वर्षात मी काही लिहिलंच नव्हतं, बँकेत द्यायच्या हयातीच्या दाखल्याखेरीज.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, एका गुरुवारी दुपारी, मुलींची नवी प्रशिक्षक घरी आली. ती माझ्या पत्नीचीच विद्यार्थिनी. सुप्याजवळच्या एका गावची, वडील तिथल्या कारखान्यात पाळीने कामाला. आता ती तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढाच मोबदला अशा नेमणुकीवर शिकवते. खुर्चीच्या कडेला बसून ती पाणी प्यायली आणि लगेच कामाचं सांगायला लागली.

मुलींच्या संघात सातच जणी उरल्या होत्या. मैदानाला लागून दुचाकी लावायची जागा आहे, ती पुरत नाही. तेव्हा बास्केटबॉलचं मैदान पार्किंगला द्यावं, असं समितीत कुणीतरी सुचवलं होतं. प्राचार्यांनी तेवढ्यावर निर्णय घेतला नाही. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये काय सुधारणा करता येईल, ते आजच्या काळाला साजेसं कसं करता येईल, याचा आराखडा सोमवारपर्यंत द्या, असं त्यांनी तिला सांगितलं. आराखडा पटला तर मैदान राहील. नाही पटला तर मैदान जाईल, संघ जाईल, आणि तिचे तासही.

"सर, मला खेळ शिकवता येतो," ती म्हणाली. "हे असलं लिहिता येत नाही. मॅडमचं सगळं तुम्हीच लिहायचात ना?"

मी हो म्हणालो. विचार करायच्या आधीच म्हणालो.

तिला काय काय हवं ते तिने सांगितलं. सराव मोबाईलवर टिपून मुलींना त्यांचाच खेळ दाखवायचा. उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून कसं उतरायचं ते आधी शिकवायचं, कारण आपल्या मुलींचे गुडघे वाकडे उतरून दुखावतात आणि मग त्या कायमच्या घरी बसतात. वर्षातून दोनदा रक्त तपासायचं, कारण अर्ध्याजणी उपाशीपोटी येतात आणि चक्कर आली की खेळाला दोष देतात. वर्षभरात एकच स्पर्धा असते, त्याऐवजी आसपासच्या महाविद्यालयांशी दर महिन्याला सामना ठेवायचा. मी लिहून घेत होतो. बोलताना तिचे हात हवेत चेंडू धरल्यासारखे होत होते. तशी सवय मी आमच्या घरात तीस वर्षं पाहिली होती. मी थोडा वेळ मान खाली घालून लिहीत राहिलो.

मग ती म्हणाली, मॅडमनी आधी काय मागितलं होतं तेही बघू, म्हणजे तेच तेच नको. मी कपाटातून फाईल काढली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. आम्ही दोघं समोरासमोर बसून वाचायला लागलो.

पहिलाच अर्ज सरावाच्या वेळेबद्दल होता. तो लिहिला ती संध्याकाळ मला आठवते. पाचचा सराव म्हणजे सुपा, पारनेर या बाजूच्या मुली येऊच शकत नाहीत, त्यांची परतीची एसटी साडेपाचला सुटते, सराव सकाळी घ्या, असं ती म्हणाली होती. अर्जात एसटीचं वेळापत्रक आणणं मला बरं दिसलं नसावं. माझं वाक्य असं होतं: 'सरावाच्या वेळेत किंचित बदल करता आल्यास विद्यार्थिनींस सोयीचे होईल.' त्यावर कार्यालयाने बदल केला होता. सराव पाचऐवजी सव्वापाचला सुरू झाला.

हे वाचून समोर बसलेली ती मुलगी हसली. तिच्या गावची एसटीही त्याच रस्त्याची. दोन वर्षं ती नगरमध्ये मावशीकडे राहिली म्हणून खेळू शकली. तिच्या वर्गातल्या दोघी चांगल्या उंच होत्या, त्यांना मावशी नव्हती.

मीही हसलो. पुढचा कागद उलटला आणि मला कळलं की हा कोणता अर्ज आहे.

मुलींना कपडे बदलायला जिन्याखालची खोली होती. खरं तर ती सामानाची खोली. दाराला कडी होती, पण बाहेरून. आत एक मुलगी कपडे बदलायची तेव्हा दुसरी दाराला पाठ लावून उभी राहायची. एकदा कुणी मुलगा क्रिकेटचं सामान न्यायला आला आणि त्याने दार ढकललं. पाठ लावलेली मुलगी बारीक होती. आत होती ती संघातली सर्वांत चांगली खेळाडू, कर्जतकडची, वसतिगृहात राहणारी. लांबून चेंडू टाकायची तर जाळीचाही आवाज यायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती घरी निघून गेली.

त्या रविवारी आम्ही दोघं कर्जतच्या एसटीत बसलो. पत्नीला असं मुलींच्या घरी जायची सवय होती. मी सोबतीला, हातात पुस्तक घेऊन. मुलीचं घर गावाबाहेर शेतात होतं. तिच्या वडिलांनी आम्हाला चहा दिला, शेंगा भाजून दिल्या आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, खेळाला आमची ना न्हाई. दाराला आतून कडी न्हाई, असं पोरगी म्हनती. तेवढी कडी बसवा. मी सोता आनून सोडतो."

मुलगी दारात उभी होती. तिने फक्त माझ्या पत्नीकडे पाहिलं.

परत येताना पत्नी खूश होती. मिरजगाव जाईपर्यंत तिने अर्ज तोंडी सांगूनही टाकला. म्हणाली, लिहा, दाराला आतून कडी हवी, या आठवड्यात हवी, कडी नसल्यामुळे आमची एक मुलगी गेली आहे. घरी आल्यावर मी दिवाणखान्यात बसून तो शांतपणे लिहिला.

तोच कागद आता माझ्यासमोर होता. कार्बनचा निळा रंग थोडा पसरला होता, पण अक्षर वाचता येत होतं. 'विद्यार्थिनींच्या पोशाखबदलाच्या कक्षात आवश्यक त्या किमान सोयी उपलब्ध करून देण्याबाबत, शक्य झाल्यास, यथावकाश विचार व्हावा, ही नम्र विनंती.'

पूर्ण पानात कडी हा शब्द नव्हता. ती मुलगीही नव्हती.

पंधरा दिवसांनी त्या खोलीत आरसा आला होता. चांगला मोठा, लाकडी चौकटीचा. त्या संध्याकाळी पत्नी घरी येऊन म्हणाली होती, "दार लागत नाही, पण तोंड दिसतं." मी तेव्हा कार्यालयातल्या माणसांना दोष दिला होता. त्यांना काही समजत नाही, असं म्हणालो होतो. पुढे तिने स्वतः बाजारातून कडी आणून बसवली, तर आठवड्यात ती काढली गेली. सामानाच्या खोलीला परवानगीशिवाय काही ठोकायचं नाही, असं निघालं. तोवर त्या मुलीने कर्जतला नाव घातलं होतं. तिथे बास्केटबॉल नव्हतं.

मी तो कागद समोरच्या मुलीकडे सरकवला. तिने वाचला. मग म्हणाली की त्यांच्या वेळेला मुली घरूनच खेळाचे कपडे आत घालून, वरून पंजाबी ड्रेस चढवून यायच्या. उन्हाळ्यात फार उकडायचं. आजही तसंच आहे. आता ती सवयच झाली आहे, कुणी मागतही नाही.

"सर, यातलं एकही आधुनिक नाही," ती म्हणाली. "कडीचा शोध कधीच लागलाय."

मी म्हटलं, चूक माझी आहे. मॅडम सरळ बोलायच्या, मी ते गुळगुळीत केलं. त्यांना हे कधी कळलंच नाही.

ती थोडा वेळ फाईलच्या दोरीशी चाळा करत बसली. सांगावं की नाही, असं तिचं चाललं असावं. मग तिने सांगितलं की मॅडमना माहीत होतं. त्या मैदानावर मुलींना म्हणायच्या, "आमचे अर्ज इतके सभ्य असतात, की वाचणाऱ्याला नाही म्हणायचीसुद्धा गरज पडत नाही." मुली हसायच्या. एकदा हिनेच विचारलं होतं, मग मॅडम, तुम्हीच का लिहीत नाही?

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाल्या, अगं, संध्याकाळी ते माझ्यासाठी लिहीत बसतात ना, तेव्हा घरात फार बरं वाटतं."

मी चहा ठेवायला आत गेलो. चहा झाल्यावरही थोडा वेळ आतच होतो.

हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही. तिने मला सांभाळून घेतलं, आणि त्याची किंमत कर्जतच्या एका मुलीने दिली, असं एक मन म्हणतं. दुसरं मन त्या संध्याकाळींमध्ये जाऊन बसतं. लसणाचा वास, शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या, माझ्या पेनाचा आवाज, आणि तिचं मध्येच "झालं का हो?" विचारणं. ती वाट पाहत असायची ती अर्जाची नव्हे, हे मला पुस्तकांच्या इतक्या वर्षांच्या सहवासातही उमगलं नाही.

शुक्रवार आणि शनिवार मी लिहीत होतो. लिहिणं जड गेलं. वाक्य सुरू केलं की हात आपोआप 'शक्य झाल्यास'कडे वळायचा. मग मी एक युक्ती केली. स्वयंपाकघरात तिच्या पाटावर बसलो आणि तिने कसं सांगितलं असतं ते आधी मोठ्याने म्हणायचो, आणि म्हटलं तसंच उतरवायचो. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज ऐकून लाजल्यासारखं झालं. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, कुणी आलंय का. मी म्हटलं, नाही, लिहितोय.

शेवटी दीड पान झालं. सराव सकाळी सात वाजता हवा, कारण संध्याकाळची परतीची एसटी साडेपाचला सुटते. आरशाच्या खोलीच्या दाराला कडी आतून हवी, आणि खोलीत सामान नको. संध्याकाळी मैदान मुलग्यांना दिलं तरी चालेल, पण सकाळची वेळ मुलींची, आणि ती फलकावर लिहिलेली हवी. सरावानंतर चणे आणि अंडी. रक्ततपासणी. मैदानाच्या भेगा बुजवणं. महिन्याला एक सामना. मोबाईल लावायला एक तिपाई. आणि खाली मी हेही लिहिलं की कडी नसल्यामुळे या संघातून पूर्वी एक मुलगी गेली, तेव्हाच्या अर्जात ते लिहायचं राहिलं होतं, आणि तो अर्ज मी लिहिला होता.

रविवारी ती कागद न्यायला आली. उभ्याउभ्याच वाचला. शेवटच्या वाक्याशी थांबली आणि म्हणाली, हे ठेवायचं का? मी म्हटलं, ठेव.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. समितीत प्राचार्यांनी आराखडा स्वतः मोठ्याने वाचला. एक सदस्य म्हणाले की भाषा जरा सरळच आहे. त्यावर प्राचार्य म्हणाले की म्हणूनच पहिल्यांदा नीट कळलं, काय हवंय ते. मैदान एक वर्षासाठी राहिलं. पुढच्या जानेवारीत मुली किती आहेत ते पाहून पुन्हा ठरेल. सकाळची वेळ मिळाली. कडी मिळाली. अंड्यांवर बराच वेळ चर्चा झाली आणि चण्यांवर भागलं. मैदानाच्या भेगा तशाच राहणार. तिपाई नामंजूर.

दहा दिवसांनी मी सकाळी मैदानावर गेलो. पत्नी गेल्यापासून त्या बाजूला फिरकलो नव्हतो. थंडी चांगलीच होती. मी कानटोपी घालून जिन्यापलीकडच्या बाकावर बसलो. फलकावर खडूने लिहिलं होतं: सकाळी सात ते साडेआठ, मुली. पावणेसातच्या सुमारास पारनेरकडच्या गाडीने आलेल्या मुली पाठीवर दप्तरं घेऊन फाटकातून आत आल्या. चौघी होत्या, चारही नव्या. प्रशिक्षक त्यांना जिन्याखालच्या खोलीकडे घेऊन गेली. त्या आत गेल्या, ती बाहेरच थांबली.

आतून कडी लागल्याचा आवाज आला. नव्या लोखंडाचा, थोडा कोरडा.

दाराला पाठ लावून कुणी उभं नव्हतं.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगात सैल पिवळे टी-शर्ट होते. हातावर हात चोळत त्या मैदानात पळाल्या. प्रशिक्षकाने दोन विटा एकमेकींवर ठेवल्या आणि त्यांना टेकवून मोबाईल उभा केला. मग त्यात वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"सर, जरा बाकाच्या टोकाला सरकता का? तुम्ही मध्ये येताय."

मी सरकलो.