फरशीचे पैसे

पहाटे पावणेपाचला तिचा दिवस सुरू व्हायचा. सहाला ती कामावर हजर, आणि हजर म्हणजे हातात घमेलं घेऊन. फाटकाशी चहा पीत उभं राहण्याला हजेरी म्हणत नाहीत. दहापर्यंत फरशी बसवायची, हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे आणि अकराला कॉलेजात पहिल्या बाकावर. साडेतीन वर्षं तिने हा क्रम मोडला नाही.

शेकड्यातून एकाला घेणाऱ्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती स्वतःच्या मार्कांवर शिरली होती. फी मात्र मार्क बघत नव्हती. वडील कचेरीत कारकून. सवलतीच्या खिडकीवर सांगितलं, "तुमचं उत्पन्न जास्त आहे." बँकेत सांगितलं, "कमी आहे."

"मग आपण नक्की कोण?" आईने विचारलं.

"ढोलकी," वडील म्हणाले. "दोन्हीकडून वाजते."

अर्धी फी वडिलांच्या पगारातून निघायची. उरलेली तिने फरशीवाल्या मिस्त्रीच्या हाताखाली कमवायची ठरवली. तो तिला 'कॉलेज' म्हणायचा. "ए कॉलेज, माल पातळ झालाय. फरशीला पोहायला शिकवायचंय का?"

पहिले सहा महिने तिने नुसता सिमेंट-वाळूचा माल कालवला. मग दोरी धरली, मग थापी हातात आली. बसवलेल्या प्रत्येक फरशीवर मिस्त्री थापीची मूठ वाजवायचा. आवाज पोकळ आला, की फरशी वर. एकदा त्याने तिच्या अकरा फरशा काढायला लावल्या. तिने त्या खरवडल्या, पुन्हा बसवल्या आणि त्या दिवसाची मजुरी मागितली नाही.

आईने नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं, पोरगी सकाळी शिकवण्या घेते.

शेवटच्या सहामाहीची फी भरायला दहा दिवस उरले, तेव्हा मिस्त्रीने एका बंगल्याचं स्वयंपाकघर तिच्यावर सोपवलं. पत्ता तिच्या ओळखीचा होता. मामीचं घर! काम सोडलं तर फी बुडणार, केलं तर आईचं पितळ उघडं पडणार.

ती गेली.

मामी दारातच थिजली. "अगं बाई! ह्या तुझ्या शिकवण्या?"

"हो मामी. सिमेंट कुठे ठेवू?"

"लोक काय म्हणतील? किती कमी पडतायत तुला? मी देते. पण ते घमेलं आधी खाली ठेव."

ती स्वयंपाकघरात गेली, घमेलं खाली ठेवलं, गुडघ्यांवर बसली आणि दोरी ताणली. "द्या की, मामी. पण फरशीचे द्या. काम झाल्यावर."

मागोमाग आलेल्या मिस्त्रीला खोकल्याची उबळ आली. ती हसण्याची होती.

आठ सकाळी ती ओणवी राबली. नवव्या दिवशी मामी स्वतः पळी घेऊन जमिनीवर बसली आणि एकशेचाळीस फरशा एकेक करून वाजवत गेली. ओट्याखालचा कोपरासुद्धा सोडला नाही. मिस्त्री भिंतीला टेकून ऐकत होता. एकही फरशी पोकळ बोलली नाही.

मामी कंबर धरून उठली, मिस्त्रीचे पैसे चुकते केले आणि आईला फोन लावला. "वन्सं, पोरीला म्हणावं, शिकवण्या इतक्यात बंद करू नकोस. माझी गच्ची अजून राहिलीये!"

मिस्त्रीने तिची मजुरी तिथेच तिच्या हातावर ठेवली. सुट्टे काढताना म्हणाला, "घ्या, बाई." 'कॉलेज' म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी फीच्या खिडकीपाशी ती रांगेत पहिली होती. वडिलांचा हिस्सा आधीच जमा होता. बाकीची रक्कम तिने आत सरकवली, आणि शेवटच्या सहामाहीची फी पूर्ण भरली गेली.