इसिदोरच्या दिव्याचं खळं

…तर काल कालिरोईच्या तेलाच्या डब्यापाशी गोष्ट आली आणि तुम्हाला झोप आली. हिरवा पत्र्याचा डबा. आमच्या ग्रीक बेटावरच्या या गावातली निम्मी घरं ऑस्ट्रेलियाला गेली, पण इथल्या त्यांच्या कबरींवरचे दिवे विझले नाहीत ते त्या डब्यामुळं. बेचाळीस कबरी, प्रत्येकीवर काचेची पेटी, पेटीत तेलावर तरंगणारी वात. सूर्य समुद्राला टेकला की कालिरोई कबरस्तानाची टेकडी चढायची.

पहिला दिवा तिच्या धाकट्या भावाचा, इसिदोरचा. त्या दगडाखाली कुणीच नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तो मासेमारीला गेला. होडी परत आली, तो आला नाही.

पासष्टी उलटल्यावर कालिरोईला काही दिव्यांभोवती खळं दिसायला लागलं. चंद्राला पडतं तसं, पण रंगीत. ज्याच्या दिव्याला खळं, तो जीव विसाव्याच्या जागी पोचला, असं तिनं ठरवलं आणि गावानं मानलं. मीसुद्धा. “पान्तेली, काल तुझ्या आर्गिरोच्या दिव्याला काय खळं होतं रे!” असं तिनं सांगितलं, की मी पोटभर जेवून खुशाल घोरायचो. बायको जिवंत असताना एवढी झोप कधी लागली नव्हती!

इसिदोरचा दिवा ती उजेडातच लावायची. त्याला खळं कधी पडलं नाही. मग एका हिवाळ्यात, ऑलिव्हची झाडं झोडपता झोडपता, तिला उशीर झाला. इसिदोरचा दिवा अंधारून आल्यावर लागला आणि ती तशीच माझ्या दारात आली.

“पोचला रे. पन्नास वर्षं चालत होता.”

समुद्राच्या तळावरून, ओल्या बुटांनी, पन्नास वर्षं चालत येणारा पोरगा. मला तो अजून दिसतो.

पुढच्या महिन्यात ती कबरस्तानातच कोसळली. डोकं ठणकत होतं, उलट्या थांबत नव्हत्या. दृष्ट लागली, दुसरं काय! माझ्या बहिणीनं वाटीभर पाण्यात तेलाचे थेंब सोडले, मंत्र म्हणून म्हणून, दृष्ट काढणारीला येतात तशा जांभया दिल्या. दृष्ट उतरेना, डोळा मात्र लालभडक झाला. तेव्हा कुठं मी तिला बसमध्ये घालून मितिलिनी शहरातल्या रुग्णालयात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण जिभेला धार. थेंब घालून त्यांनी डोळ्यातला दाब उतरवला आणि म्हणाल्या, “आजी, मोतीबिंदू फुगलाय. त्यानं डोळ्यातलं पाणी निघायची वाट दाबून धरलीय, म्हणून हा काचबिंदू. मोतीबिंदू काढून पातळ भिंग बसवलं की वाट मोकळी होईल. पण डाव्या डोळ्याची कडेची नजर काचबिंदूनं खाल्लीय, ती परत यायची नाही.”

“आणि खळं?”

“तेच तर दुखणं! अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, वाट अडते, दाब चढतो, मग दिव्याभोवती रंग दिसतात. शस्त्रक्रियेनंतर दिसणार नाहीत.”

कालिरोईनं डोक्याचा काळा रुमाल घट्ट केला. “मग राहू दे.”

बसमध्ये मी भडकलो. “आंधळी झालीस तर दिवे कोण लावणार? मी? मला गुडघे नाहीत!”

“चाचपून लावीन.”

“आणि खळं? तेही चाचपशील?”

तीन गावं मागं गेली. मग म्हणाली, “कधी यायला सांगितलंय?”

दोन्ही डोळे झाले, तीन आठवड्यांच्या अंतरानं. दाब उतरला तो उतरलाच. पट्टी निघाल्यावर माझ्याकडं बघून पहिलं वाक्य काय? “अरे देवा, पान्तेली, तू इतका म्हातारा कधी झालास?”

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी तिच्याबरोबर टेकडी चढलो, गुडघ्यांना शिव्या देत. तिनं मुद्दाम इसिदोरचा दिवा शेवटी ठेवला. एकेचाळीस दिवे लागले. मी दर वेळी तिच्या तोंडाकडं बघत होतो. आर्गिरोच्या दिव्यापाशी ती थांबली, काच पुसली आणि पुढच्या दिव्याकडं वळली. खळ्याचं मी विचारलं नाही.

अंधारून आलं. तिनं इसिदोरची वात पेटवली आणि बघत राहिली. ज्योत स्थिर, सरळ, सुईसारखी. भोवती काही नाही.

“किती स्वच्छ दिसतोय बघ,” मी म्हटलं. “चल आता, वारा सुटलाय.”

तिनं डबा खाली ठेवला आणि दगडावर बसली.

“खळं दिसलं, तेव्हा पोचला म्हणून मी निवांत झाले. आता दिसत नाही, म्हणजे तो अजून वाटेवरच असेल, पान्तेली. तू हो पुढं, मी थांबते.”