पाचव्या दिवसाचं वाचन

नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि पोथीच्या अभ्यासाला लागलो. बायको म्हणाली, "चला, निदान तुमचं चिडणं तरी कमी होईल." झालं उलटंच. आता मी उच्चारांवरून लोकांवर डाफरायला लागलो. कॉलनीतल्या मंदिरात सप्ताह बसला की वाचकांच्या पहिल्या रांगेत माझी जागा ठरलेली. शेजाऱ्याने ओवी गाळली, तर मी त्याच्या पोथीवर बोट ठेवून दाखवायचो.

पोथीची गोडी मला लावली ती चुलतीने, पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिला वाचता येत नव्हतं. भाकरी थापता थापता ती माझ्याकडून वाचून घ्यायची आणि दोन ओव्या झाल्या की थांबवायची. "नुसतं पळू नको. ह्यातलं आपल्याला काय करायचं हाय, ते सांग." मला सांगता यायचं नाही. मग तीच काहीतरी सांगायची आणि मला ते पटायचं.

गेल्या वर्षी तिने अंथरूण धरलं होतं. सप्ताहाआधी मी तिला भेटून आलो होतो. पाचव्या दिवशी सकाळी वाचन चालू असताना तिचा मुलगा, माझा धाकटा चुलतभाऊ, मंडपाच्या दाराशी दिसला. चेहरा उतरलेला. मनात आलं, काकी गेली! आणि लगेच, हे लिहितानाही लाज वाटते, मला सुतक आठवलं. आमच्याकडे मानतात, की माणूस गेल्याची बातमी कानावर पडली की सुतक लागतं, तोवर नाही. सुतकात पोथीला हात लावायचा नाही, म्हणजे पारायण मोडलं. चुलतभाऊ शेजारी येऊन वाकला. "दादा..." मी मान वर न करता हात उचलून त्याला थांबवलं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. मोबाईल तर मी सातही दिवस बंदच ठेवला होता.

पुढचं सगळं वाचन मी भरल्या गळ्याने केलं. लोकांना वाटलं, केवढा भाव दाटून आलाय.

सातव्या दिवशी समाप्ती झाली, तसा प्रसादालाही न थांबता थेट मंदिरातून एसटी पकडून गावी गेलो. चुलतभाऊ ओट्यावर बसला होता.

"मातीला आलो नाही रे," मी म्हणालो. "परवा तू सांगायला आलास, तेव्हाच ओळखलं होतं मी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "परवा? परवा आई बोलत हुती की, दादा. म्हनली, त्याला घिऊन ये, दोन ओव्या वाचील माझ्यापाशी. तुला न्यायलाच आल्तो मी. ती काल दुपारी गेली. वहिनीला फोन केल्ता, पन पारायण मोडंल म्हनून तिनंबी तुला सांगितलं नसंल."

 त्याने हात धरून मला शेजारी बसवलं.

"वाईट वाटून घिऊ नको. तू वाचनात हायेस म्हनल्यावर तिला लई बरं वाटलं. म्हनली, समाप्ती झाली की येईल त्यो, तवर थांबते मी."