पिवळा ठिपका

जगातली कुठलीही वस्तू पूर्ण बाद झाली आहे, हे आमच्या हिच्या मावशीच्या यजमानांकडून कबूल करून घेणं प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. कॅनडातल्या किचनर शहरात आम्ही त्यांचे शेजारी. काका मूळ नागपूरचे, तरुणपणीच इकडे आलेले. सगळी नोकरी एका बड्या रेल्वे कंपनीत रुळांच्या देखभालीत गेली. दोन हजार सालानंतर ते रिटायर झाले आणि कंपनीने त्यांचा लाडका मार्गच विकायला काढला. एकेकाळची मेन लाइन, आता तोट्यात. घेणारा मिळाला नाही तर रूळ उखडून भंगारात. अखेर एका चिमुकल्या कंपनीने तो घेतला. तिच्याकडे दोन सेकंडहँड इंजिनं, ट्रेलरमधलं ऑफिस आणि, दुपारच्या सँडविचच्या बोलीवर, काका.

हस्तांतरणाच्या समारंभात तीन पुढाऱ्यांनी प्रदेशाच्या उज्ज्वल भवितव्यावर भाषणं केली. तेवढ्या वेळात काका मंचामागे उकिडवे बसून हातोडीने रुळांखालचे लाकडी स्लीपर ठोकून बघत होते. "सतरा तपासले," ते मला म्हणाले, "त्यातले सहा गेलेत. हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही."

सगळे स्लीपर बदलणं असल्या कंपनीला झेपत नाही. गाड्या सायकलच्या वेगाने चालवायच्या आणि दर वर्षी अगदीच निकामी तेवढे बदलायचे. त्यांच्यावर काका पिवळा ठिपका मारत. पण हा ठिपका सहजासहजी मिळत नसे. कुजका स्लीपर दिसला की काका आधी त्याच्या दोन्ही बाजूंचे ठोकून बघत. "शेजारी बरे असले की मधला काढतो अजून चार वर्षं. दोन कुजके लागून आले, की संपलं." घरातही हाच न्याय. बेसमेंटच्या जिन्याची पाचवी पायरी करकरत असे. मावशी म्हणायची, "अहो, हा तुमचा रूळ नाही, माणसं पडतील!" "चौथी आणि सहावी बघ की, ठणठणीत आहेत," काका म्हणत. पुढे पुढे मावशी आमच्या घरच्या जिन्यावरही पाचवी पायरी गाळून उतरू लागली.

एका शरदात नदीपलीकडच्या शेवटच्या पाच मैलांवर गंडांतर आलं. तिथे पशुखाद्याची गिरणी, एवढंच गिऱ्हाईक. एप्रिलपर्यंत रूळ तपासणीत पास झाले नाहीत तर गिरणी ट्रकांकडे जाणार आणि ते पाच मैल भंगारात. नवे स्लीपर मोजकेच. काका रोज चालू लागले. शनिवारी मीही जाई. रुळांमध्ये साचलेली मेपलची पानं, दोन्हीकडे वाळलेलं गवत, आणि त्या शांततेत ठक, ठक, भद्द. मैलाच्या एखाद्या खांबापाशी ते थांबत. "इथून टोरांटोची गाडी जायची. डायनिंग कारमध्ये पांढरे टेबलक्लॉथ." मग ती जाऊ द्यावी तसे रुळांतून बाजूला होऊन उभे राहत. मीही होई. कधी कधी अंगावरून वारा गेल्यासारखं वाटे.

त्या विंटरमध्ये मावशी अचानक गेली. घर गप्प झालं. काका आता पाचव्या पायरीवर मुद्दाम पाय देत आणि ती करकरली की क्षणभर थांबत. त्यांची मुलगी टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातून आली. "बाबा, यू कान्ट लिव्ह अलोन. माझ्या कॉन्डोत चला." काका एवढंच म्हणाले, "गाडी जाऊ दे, मग बघू."

एप्रिलमध्ये रूळ पास झाले. पहिल्या दिवशी आम्ही सगळे नदीवर गेलो. चार वाघिणी ओढत ते म्हातारं इंजिन पूल ओलांडून आलं, इतकं हळू, की काका शेजारून त्याच्याबरोबर बरंच अंतर चालत गेले. शेवटची वाघीण गिरणीच्या वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा मुलीने हळूच विचारलं, "बाबा, आता तरी? इथे एकटे कसे राहणार?"

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या पोर्तुगीज म्हाताऱ्याकडे. मावशी गेल्यापासून काकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ अर्धा तो आणि अर्धा मी शोव्हल करत होतो. काकांनी माझ्या खांद्यावर बोटांनी दोनदा ठोकलं. मग त्याच्या.

"शेजारी बरे आहेत," ते म्हणाले.