काळावर सुटलेली बाज

टेंभुर्णीचा त्रिंबक बाज विणायला बसला की आजूबाजूला कुणी बोललेलं त्याला खपत नसे. अंबाडीच्या दोरीची एक जोडी ओढायची अन् मनात म्हणायचं ‘राजा’, पुढची ‘राणी’, त्यापुढची ‘काळ’, मग पुन्हा राजा. शेवटची जोडी राजावर नाहीतर राणीवर यावी. काळावर सुटली, तर जो पहिल्यांदा त्या बाजेवर टेकेल त्याला काळ घेऊन जातो, असं त्याच्या घराण्यात चालत आलेलं. हसू नका! त्याच्या बापानं घाईघाईत विणलेली एक बाज अशीच सुटली, थोरला चुलता तिच्यावर आडवा झाला तो उठलाच नाही. तेव्हापासून अर्ध्या जाफराबाद तालुक्याच्या बाजा विणल्या गड्यानं, पण एक काळावर सोडली असेल तर शपथ.

आणि अशा माणसाकडं दोन हजार चार साली त्याची भाची केशर कंप्युटरचा कागद घेऊन आली. केशर औरंगाबादला कला शिकलेली. सातवा महिना लागलेला, तरी पायाला भिंगरी. नवीन जालन्यात तिचं प्रदर्शन होतं. तिनं कंप्युटरला काही नियम घालून दिले होते, त्यावरून तो आपला आपण नक्षी काढी. ती नक्षी चादरींवर, खुर्च्यांवर अन् एका बाजेवर उतरायची होती. कुठं काळी दोरी, कुठं पांढरी, सगळं कागदावर छापलेलं.

त्रिंबकानं कागदावर बोट फिरवत मनात म्हणून पाहिलं. शेवटच्या जोडीवर त्याचं बोट थांबलं.

“केशर, ही काळावर सुटून राह्यली. एक जोडी कमी कर.”

“मामा, एक काढली तर पुढची सगळी नक्षी बिघडते. अन् हिच्यावर निजणार कोण? नुसती बघायची बाज आहे.”

“मंग कुणीच टेकणार न्हाई ना?”

“बिलकुल न्हाई.”

“द्या की विणून,” त्याची बायको बायनाबाई म्हणाली. “पोरीचं मन मोडू नका.”

विणली बिचाऱ्यानं. शेवटची गाठ मारली, सोडली अन् पुन्हा मारली.

प्रदर्शनाच्या दिवशी तो सकाळपासूनच बाजेशेजारी उभा. कुणी जवळ आलं की याच्या तोंडचं पाणी पळे. लोक विणीचं कौतुक करत होते, पण याचं लक्ष माणसांच्या पायांकडं. तेवढ्यात पेपरवाला फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, बाजेवर बसा ना. फोटो झकास येईल.”

केशर दमलीच होती. कंबरेवर हात ठेवून ती बसायला वळलीसुद्धा.

काळावर सुटलेल्या बाजेवर निजू नये एवढंच केशरला ठाऊक, जीव जातो हे न्हाई. अन् त्रिंबक आता सांगणार तरी काय? दोन जिवांची पोर, ऐकून भ्याली तर? स्वतःचा जीव काय त्याला नकोसा झाला नव्हता. तरी त्यानं धोतर सावरलं, भाचीला कोपरानं बाजूला सारलं अन् वहाणांसकट बाजेवर आडवा झाला.

कुणीतरी टाळी वाजवली. लोकांना वाटलं, हाही प्रदर्शनातलाच प्रकार! फोटो निघाले.

“मामा! अहो, काय हे? उठा ना!” केशर शरमेनं लाल झाली.

त्रिंबकानं डोळे गच्च मिटून घेतले होते. तसाच अंग चोरून तो थोडा सरकला, तिच्यापुरती जागा केली.

“बस बाई,” तो म्हणाला. “आता खुशाल बस.”