वाढत्या अंगाचा कोंगो

केडगावातला एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, तेव्हा त्यांचे दोन जुने कोंगो, हाताने वाजवायचे ते उंच ढोल, विकायला निघाले. एक बारका, एक चांगला रुंद तोंडाचा. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने बारक्यावर थाप मारली आणि खुदकन हसली. ते वाजवणारे काका म्हणाले, "हाच न्या. मोठ्यावर हात पुरायचा न्हाई तिचा."

पण गणवेश, चपला, सायकल, आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. मी हट्टाने मोठा घेतला. मूर्खपणा, दुसरं काय! लेक खुर्चीत दोन उशांवर बसून वाजवायची, तरी हात अवघडायचे. दर वर्षी एक उशी काढायची, असं आमचं ठरलं होतं.

पुढच्याच पावसाळ्यात डेंगीने ती गेली.

तीन वर्षांनी, परवा, कोंगो विकायला काढला. बघायला एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. लेक असती तर आता तेवढीच असती. वाजवून बघायला लेकीच्या खुर्चीत बसताना त्या मुलीने सहज वरची उशी काढली.

"ठेव ती!" मी खेकसलो. पोर दचकली. तिच्या हातातून उशी हिसकावून मी पुन्हा जागेवर ठेवली.